नोहाचे मौन आणि वैनगंगेचा पूर

मराठी भाषेने संकटांचे दोन वर्ग फार पूर्वीच पाडून ठेवले आहेत. एक अस्मानी आणि दुसरे सुलतानी. अवर्षण, गारपीट, महापूर ही आभाळातून येणारी संकटे अस्मानी. जुलमी वसुली, लूट, युद्ध ही राज्यकर्त्यांच्या हातून येणारी संकटे सुलतानी. अस्मानीपुढे हात जोडायचे आणि सुलतानीविरुद्ध दाद मागायची, असा या विभागणीमागचा लोकव्यवहार आहे. आपल्या ख्रिस्ती नियतकालिकांत पावसाळ्याच्या सुमारास जे पूरविषयक लेखन येते, ते बहुतांशी पहिल्या वर्गातले असते. कवितेत देवाचा कोप येतो, ललित लेखात निसर्गाचे तांडव येते, प्रवचनवजा लेखात नोहाचे तारू येते आणि अखेरीस इंद्रधनुष्य उगवते. या लेखनामागची भावना खरी असते, याविषयी शंका नाही. परंतु ज्या पुराविषयी हे लिहिले जाते तो पूर खरोखर अस्मानी आहे काय, आणि ज्या शास्त्रग्रंथाचा आधार घेतला जातो तो खरोखर तसे म्हणतो काय, हे दोन प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

प्रस्तुत लेखात ते विचारावयाचे आहेत. त्यासाठी गोंदिया जिल्ह्याने २०२० साली पाहिलेला वैनगंगेचा पूर समोर ठेवून उत्पत्तीच्या पुस्तकातील जलप्रलयाची कथा (अध्याय ६ ते ९) आणि पोप फ्रान्सिस यांची 'लाउदातो सी' व 'लाउदाते देउम' ही दोन पत्रे पुन्हा एकदा वाचून पाहू.

पूर कोठून आला?

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा हा धानाचा आणि तळ्यांचा प्रदेश आहे. वैनगंगा मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाट जिल्ह्यातून वाहत येते आणि गोंदिया व तिरोडा तालुक्यांच्या कडेने भंडाऱ्याकडे जाते. तिला मिळणारी बाघ नदी काही अंतर दोन राज्यांची सीमा होऊनच वाहते. म्हणजे येथील नदीकाठच्या शेतकऱ्याचे नशीब पुष्कळसे दुसऱ्या राज्यात पडणाऱ्या पावसावर आणि दुसऱ्या राज्यात उघडल्या जाणाऱ्या दरवाजांवर अवलंबून आहे.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली. शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवर धरणातून मोठ्या प्रमाणावर पाणी सोडण्यात आले. महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत वैनगंगेने पूर्व विदर्भातील जिल्ह्यांमध्ये काठच्या गावांना वेढा घातला. खाली भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. रोवणी होऊन जोमाने वाढलेला धान बांध्यांमध्ये पाण्याखाली गेला. धानाला पाणी प्रिय असले तरी त्याचा शेंडा दिवसेंदिवस पाण्यात बुडून राहिला, की पीक नासते. दोन राज्यांच्या प्रशासनांत पुरेसा समन्वय नव्हता, खालच्या गावांना वेळेवर सूचना मिळाली नाही, अशी टीका त्या वेळी जाहीरपणे झाली.

या पुरात अस्मानी किती आणि सुलतानी किती? धरणाचे दरवाजे केव्हा व किती उघडावेत, त्याची वर्दी कोणी कोणाला द्यावी, हा भाग उघडच माणसाच्या हातचा आहे. मग निदान पाऊस तरी अस्मानी मानावा काय? येथेच आपली जुनी विभागणी अपुरी पडू लागते. हवेचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढले, की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. हे अधिकचे बाष्प कधीतरी पाऊस होऊन उतरते, आणि उतरते तेव्हा थोड्या वेळात पुष्कळ उतरते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. मान्सूनचे वारे क्षीण होत असताना हे घडले, ही त्यातील विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट. तापत चाललेल्या अरबी समुद्रावरून येणारे बाष्प या घटनांना खाद्य पुरवते.

अर्थात एका विशिष्ट पुराचे सगळे खापर तापमानवाढीच्या माथी फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. वैनगंगेला पूर्वीही पूर येत. बदलले आहे ते अतिवृष्टीचे प्रमाण आणि वारंवारता. आणि तो बदल कोळसा, तेल व वायू जाळून माणसाने घडवला आहे, याविषयी जगातील हवामानशास्त्रज्ञांत आता मतभेद उरलेला नाही. खुद्द गोंदिया जिल्ह्यात तिरोडा येथे ३,३०० मेगावॅट क्षमतेचे कोळशावर चालणारे औष्णिक वीज केंद्र आहे. ज्या तालुक्याच्या कडेने वैनगंगा वाहते, त्याच तालुक्यात आभाळ तापविणारा धूरही निघतो. त्या विजेवर दूरच्या शहरांतील आपल्यासारख्यांच्या घरचे दिवे लागतात, हेही विसरता येत नाही. आभाळच जर आपल्या हातांनी तापत असेल, तर अस्मानी संकटातही सुलतानीचा अंश शिरला असे म्हणावे लागते.

एकच क्रियापद

हा विचार आधुनिक आहे आणि पवित्र शास्त्राला तो ठाऊक नव्हता, असे कोणी म्हणेल. हवामानशास्त्र शास्त्रकर्त्याला ठाऊक नव्हते, हे खरे. पण मनुष्याचे कर्म आणि पृथ्वीचा नाश यांतील नाते त्याला ठाऊक होते. किंबहुना तेच त्याच्या कथेचे मर्म आहे.

जलप्रलयाच्या कथा अनेक संस्कृतींत आहेत. शतपथ ब्राह्मणात मनूला मासा आगाऊ सूचना देतो आणि मनू नौका बांधून वाचतो. तेथे प्रलयाचे नैतिक कारण दिलेले नाही. मेसोपोटेमियातील 'अत्राहासिस' या काव्यात माणसांच्या गोंगाटामुळे देवाची झोप मोडते, म्हणून पूर धाडला जातो. 'गिल्गामेश' महाकाव्याच्या अकराव्या पाटीवरही हीच परंपरा आढळते. १८७२ साली जॉर्ज स्मिथ यांनी ती पाटी जगापुढे आणली, तेव्हा अनेक श्रद्धावंत अस्वस्थ झाले. बायबलची कथा उसनी आहे काय, असे त्यांना वाटले. पुढे पोप पायस बारावे यांनी १९४३ च्या परिपत्रकात शास्त्रकर्त्यांनी वापरलेल्या वाङ्मयप्रकारांचा अभ्यास करण्यास उत्तेजन दिले आणि ती अस्वस्थता पुष्कळशी ओसरली. सामग्री सामायिक असली तरी उत्पत्तीच्या लेखकाने तिचे काय केले, हा खरा प्रश्न आहे.

त्याने केले ते असे. त्याने देवाची मोडलेली झोप काढून टाकली आणि तिच्या जागी माणसाचा हिंसाचार ठेवला. पृथ्वी हिंसेने भरली होती, असे कथा सांगते. याहूनही महत्त्वाचे म्हणजे सहाव्या अध्यायाच्या ११ ते १३ या ओव्यांत 'शाहत' हे एकच हिब्रू क्रियापद तो फिरून फिरून वापरतो. पृथ्वी बिघडली होती, सर्व देहधाऱ्यांनी आपला मार्ग बिघडवला होता, आणि देव म्हणतो की मी त्यांचा नाश करीन. या तिन्ही ठिकाणी मूळ धातू तोच आहे. भाषांतरात आपण पहिल्या दोन ठिकाणी 'भ्रष्ट' म्हणतो आणि तिसऱ्या ठिकाणी 'नाश' म्हणतो. त्यामुळे माणसाचे पाप ही एक गोष्ट आणि देवाने बाहेरून दिलेली शिक्षा ही दुसरी गोष्ट, असा समज होतो. मूळ ग्रंथात ती दोन नाहीत. देव जो नाश उच्चारतो, तो माणसाने आधीच सुरू केलेला आहे.

वास्तविक मराठीत हा अर्थ पेलणारा शब्द आहे. दूध नासते, पीक नासते, मुलगा संगतीने नासतो, आणि नाश हा शब्दही त्याच कुळातला. 'पृथ्वी नासली होती, कारण सर्वांनी आपली वाट नासवली होती' असे म्हटले, तर पुढचा 'नाश' वाचकाला परका वाटणार नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणापासून (१६१६) आपली परंपरा जुन्या कराराच्या कथा मराठीत सांगत आली आहे. पुढील भाषांतरकारांनी या एका धातूचा विचार करावा, अशी नम्र सूचना येथे करावीशी वाटते. बांधीत नासलेल्या धानाकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याला त्या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

नोहा बोलत नाही

या कथेत आणखी एक गोष्ट आहे. ती लहानपणापासून ऐकूनही आपल्या कानांवर येत नाही, कारण ती एक अनुपस्थिती आहे. देव नोहाशी बोलतो, त्याला मोजमापे देतो, आतून-बाहेरून डांबर लावण्यास सांगतो, सात दिवस आधी पावसाची वर्दीही देतो. नोहा सांगितल्याप्रमाणे सारे करतो. पण सहाव्या, सातव्या आणि आठव्या अध्यायांत मिळून नोहाच्या तोंडी एकही वाक्य नाही. तो शेजाऱ्याला सांगत नाही, देवाला विनवीत नाही, बुडणाऱ्यांसाठी शोक करीत नाही. त्याचे पहिले शब्द येतात ते नवव्या अध्यायात, पूर ओसरून मळा पिकल्यानंतर. आणि ते शब्द शापाचे आहेत.

याच पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम सदोम नगरासाठी देवाशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान असले तर, चाळीस असले तर, दहा असले तर, असे तो विचारीत राहतो. यहुदी भाष्यकारांनी या दोघांची तुलना केली आणि नोहाला काहीसा कमी लेखला, ते याचमुळे. नव्या करारात पेत्राच्या दुसऱ्या पत्रात नोहाला नीतिमत्त्वाचा घोषक म्हटले आहे आणि इब्री लोकांस पत्रात त्याच्या विश्वासाची थोरवी गायिली आहे, हे मान्य. पेत्राच्या पत्राने जणू मूळ कथेतील ती पोकळी ओळखली आणि नोहाला वाणी दिली. परंतु धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण मुलांना काय शिकवतो? तारू, प्राण्यांच्या जोड्या, कबुतर आणि इंद्रधनुष्य. जे तारवाच्या बाहेर राहिले त्यांच्याविषयी एकही मूल प्रश्न विचारीत नाही, आणि विचारला तर आपण त्याला गप्प करतो.

वैनगंगेच्या काठी हा प्रश्न गप्प करता येत नाही. वरच्या अंगाला पाणी किती साचले आहे हे ज्यांना ठाऊक होते ते एका बाजूला, आणि रात्रीतून घर सोडावे लागलेले दुसऱ्या बाजूला. ज्याला आगाऊ कळते आणि जो सांगत नाही, त्याची नीतिमत्ता अपुरी आहे. हा दोष केवळ सरकारी कचेरीचा नव्हे. आपल्या घराचा चौथरा उंच करून घेणारा, आपल्या शेताचे धुरे बांधून पाणी शेजाऱ्याकडे वळवणारा, तळ्याच्या पोटात अतिक्रमण होताना मान फिरवणारा प्रत्येक जण आपापले तारूच बांधीत असतो.

विलक्षण योगायोग असा, की त्या पुराच्या रविवारी, ३० ऑगस्ट २०२० रोजी, सामान्यकाळातील बाविसाव्या रविवारचे पहिले वाचन यिर्मया संदेष्ट्याच्या विसाव्या अध्यायातील होते. देवाचा शब्द बोलणे नको असे ठरवले, तर तो हाडांत कोंडलेल्या अग्नीसारखा जाळतो आणि आवरता आवरत नाही, असे यिर्मया तेथे सांगतो. नोहाच्या मौनाला याहून स्पष्ट उत्तर जुन्या करारात क्वचितच सापडेल. पण महामारीमुळे त्या दिवशी महाराष्ट्रातील मंदिरे बंद होती. ती १६ नोव्हेंबरला उघडली. ते वाचन आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेच नाही.

दोन पत्रे

'लाउदातो सी' या पत्रावर २४ मे २०१५ ही तारीख आहे. त्यात सहा अध्याय व २४६ परिच्छेद आहेत, आणि त्याचे नाव असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सृष्टिस्तोत्रावरून घेतलेले आहे. त्याआधी पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० च्या शांतिदिनाच्या संदेशात पर्यावरणाचा प्रश्न नैतिक प्रश्न म्हणून मांडला होता. पोप फ्रान्सिस यांचे मोठे श्रेय हे, की हवामान ही सर्वांची सामाईक ठेव आहे आणि पृथ्वीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश एकच आहे, हे त्यांनी धर्मग्रामांतील सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत सांगितले. श्रीमंत देशांवर गरीब देशांचे पर्यावरणीय ऋण आहे, हेही त्यांनी निःसंदिग्धपणे म्हटले. भारताचे दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीहून कमी आहे, आणि धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा त्यातील वाटा तर नगण्यच. म्हणून हे वाक्य आपल्याला जवळचे वाटते.

तरीही वैनगंगेच्या काठावरून वाचताना या पत्रात दोन उणिवा जाणवतात. पाण्याविषयीचे परिच्छेद (२७ ते ३१) मुख्यतः पिण्याच्या पाण्याची टंचाई व शुद्धता यांविषयी आहेत. पुराला तेथे स्वतंत्र स्थान नाही. टंचाई आणि महापूर ही तापलेल्या आभाळाचीच दोन रूपे आहेत, हे वाचकाला आपणच जोडून घ्यावे लागते. दुसरे, नोहाचा उल्लेख ७१ व्या परिच्छेदात येतो तो आशेचा दाखला म्हणून. एक भला माणूसही आशा पुन्हा जागवण्यास पुरेसा आहे, असा त्याचा आशय आहे. हे सांत्वन खरे आहे, पण येथे अर्धे आहे. एक भला माणूस आशेला पुरेल. नदीला पुरत नाही. नदीला वरच्या गावापासून खालच्या गावापर्यंत माणसांची साखळी लागते.

४ ऑक्टोबर २०२३ रोजी आलेले 'लाउदाते देउम' हे ७३ परिच्छेदांचे छोटे पत्र पहिल्या पत्राइतके काव्यात्म नाही. त्यात आकडे आहेत, परिषदांचे अपयश आहे, आणि थोडा त्रागाही आहे. वाङ्मय म्हणून ते कमी ठरेल; पण पोप फ्रान्सिस तेथे अब्राहामासारखे वाद घालतात. हवामानबदल नाकारणारी, तर्काला न धरणारी मते आपल्या ख्रिस्तसभेतही भेटतात, असे त्यांनी त्यात लिहून ठेवले आहे. ते २१ एप्रिल २०२५ रोजी निवर्तले. गौरवलेखांत पहिल्या पत्राची आठवण जितकी निघते तितकी दुसऱ्याची निघत नाही, कारण स्तोत्र ऐकणे सोपे असते आणि फटकार ऐकणे अवघड.

आपले लेखन

आता आपल्या लेखनाकडे वळावे. आपल्यापैकी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सुबोध मराठीत आणले आणि हरित वसईसाठी रस्त्यावरही उतरले. पूर आला त्याच वर्षीच्या जानेवारीत उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. शब्द आणि पाणी, शब्द आणि झाड यांचे नाते त्यांनी वेगळे मानले नाही. २०२४ साली ते गेले. त्यांच्या मागे आपल्या नियतकालिकांत पुराविषयी लिहिताना 'देवाचा कोप' हा शब्द इतक्या सहज का उतरतो, याचा विचार व्हावा. तो शब्द नम्र वाटतो, पण माणसाची जबाबदारी तो देवाच्या पदरी टाकतो. ही नम्रता नव्हे.

गोंदियाच्या भूमीकडे पाहिले तर लिहिण्यासारखे दुसरेही पुष्कळ आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने येथे तलाव बांधले. ते आज माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. एका तलावाचा सांडवा भरून वाहिला, की ते पाणी खालच्या तलावात जाते, अशी त्यांची साखळी अनेक ठिकाणी आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय त्यांपैकीच. मारुती चितमपल्ली यांनी तेथे वनाधिकारी असताना तो परिसर पाहिला आणि मराठी वाचकाला दाखवला. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव शासनाकडे आले आणि पुष्कळ ठिकाणी गाळाने भरले. हे तलाव वैनगंगेचा महापूर अडवू शकतील, असा दावा कोणी करू नये. पण आपल्या शिवारात पडलेला पाऊस धावत खाली जाण्याऐवजी थांबत, चालत जावा, एवढे ते करतात. वरच्याने खालच्याचा विचार करून पाणी सोडावे, हा धर्म त्या बांधकामातच आहे. आपल्या पूरकवितेने या सांडव्याकडे एकदा पाहावे.

२०१५ सालापासून १ सप्टेंबर हा दिवस ख्रिस्तसभेत सृष्टीच्या संगोपनासाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळला जातो. २०२० साली तो आला तेव्हा वैनगंगेच्या काठच्या बांध्यांत चिखल आणि नासलेला धान होता. पुढील १ सप्टेंबरला आपल्या धर्मग्रामांत प्रार्थना होईल तेव्हा जलप्रलयाची कथा जरूर वाचावी. पण आठव्या अध्यायाच्या शेवटी थांबून ती नीट वाचावी. पेरणी व कापणी, थंडी व ऊन यांचा क्रम पृथ्वीवर खंडणार नाही, असे देव तेथे म्हणतो. नवव्या अध्यायातला करार तर केवळ नोहाशी नाही, सर्व जिवंत प्राण्यांशी आहे. देव पुन्हा पृथ्वी बुडवणार नाही, हे वचन त्याचे आहे. माणूस बुडवणार नाही, असे वचन त्या अध्यायात कोठेही नाही. ते आपण द्यावयाचे आहे, आणि ज्याला आधी कळले त्याने खालच्या गावाला सांगण्यापासून त्याचा आरंभ करावयाचा आहे.